प्रवासखर्चाची तूट

माझ्यापुढे एका वहीची दोन पाने उघडी आहेत. डावीकडच्या पानावर काशीयात्रेला निघण्यापूर्वी केलेला अजमास आहे आणि उजवीकडच्या पानावर परतल्यानंतर मांडलेला ताळेबंद. आई, मावशी, पत्नी, मुलगी आणि मी अशा पाच माणसांच्या आठ दिवसांच्या प्रवासासाठी रेल्वेभाडे १९,०००, मुक्काम १८,०००, भोजन १२,०००, स्थानिक प्रवास ६,००० आणि इतर ३,००० मिळून ५८,००० रुपयांची तरतूद मी केली होती. प्रत्यक्षात ७६,३०० रुपये लागले. या १८,३०० रुपयांच्या तुटीची भरपाई मी घरच्या शिलकेतून केली, ती यथावकाश भरूनही निघाली, आणि तेवढ्यावरच गोष्ट संपली असती तर तिच्यासाठी वर्तमानपत्राची जागा अडवण्याचे मला काही कारण नव्हते. परंतु त्या प्रवासात आणखी एक तूट आली, जिची नोंद दोन्ही पानांवर कोठेच नाही. ती माझ्या शहात्तर वर्षांच्या आईने आपल्या गुडघ्यांनी भरली, आणि आपल्याकडच्या असंख्य कुटुंबांच्या असंख्य यात्रांमध्ये ती अशीच कोणीतरी, बहुधा घरातील सर्वांत दुबळे आणि सर्वांत अबोल माणूस, मुकाट्याने भरत असते, असे आता माझे ठाम मत झाले आहे.

काशीतील आमचा मुक्काम अस्सीघाटाजवळ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी दशाश्वमेधावर जायचे होते. नावाड्याने सांगितलेली रक्कम मला अवाच्या सवा वाटली. शिवाय ‘स्थानिक प्रवास’ या सदरातील ६,००० रुपयांपैकी बरीच रक्कम पहिल्याच दिवशी स्थानकावरून येण्यात, विश्वनाथाच्या दर्शनाला जाण्यात आणि परतण्यात खर्ची पडली होती. तेव्हा घाटाघाटाने पायीच जाऊ, तेवढेच गंगेचे सान्निध्य, असा विचार मी बोलून दाखवला आणि आईने तो तत्काळ मान्य केला. “चालते की मी, एवढंसं तर आहे,” असे ती म्हणाली. नकाशावर ते अंतर अडीच-तीन किलोमीटरांपेक्षा अधिक नाही. परंतु काशीच्या घाटांचे अंतर नकाशावर मोजायचे नसते, ते पायऱ्यांवर मोजायचे असते, आणि त्या पायऱ्या उंच, अरुंद, जागोजाग झिजलेल्या आणि पावसाळ्यातील पुराने आणलेल्या गाळाने काही ठिकाणी अद्याप निसरड्या होत्या. तुलसीघाट गेला, हरिश्चंद्रघाट गेला. केदारघाटावर आई बसली. तिला चहा विचारला तेव्हा तिने नको म्हटले, पाणी विचारले तेव्हा एक घोट घेऊन बाटली परत केली. दशाश्वमेधाच्या अगदी लगत, अहिल्याबाईंच्या नावाच्या घाटावर पोहोचेपर्यंत तिने आणखी चार वेळा बैठक मारली, आणि प्रत्येक वेळी उठताना मावशीच्या खांद्यावर हात ठेवला, माझ्या नव्हे.

रात्री गुडघे सुजले. दुसऱ्या दिवशी वैद्य, औषधे, विश्रांती. तिसऱ्या दिवशी प्रयागला जायचे ठरले होते. काशीपासून ते सव्वाशे किलोमीटर. मोटारीला विसार दिलेला होता, तो गेला. गयेला जाणे मात्र टाळता येत नव्हते, कारण वडिलांचे पिंडदान तेथे व्हावे ही तिचीच इच्छा होती. आधी ठरवलेल्या रेल्वेऐवजी अडीचशे किलोमीटर मोटारीने जाणे भाग पडले, आणि तेथे विष्णुपदाशी विधीच्या वेळी द्यावयाच्या दक्षिणेचाही मी कोठे विचार केलेला नव्हता. स्थानिक प्रवासात ८,५०० आणि ‘इतर’ या बाबीत ६,६०० रुपये फाजील गेले ते असे. प्रयाग राहिले ते राहिलेच. संगमावर स्नान करण्यासाठी जी बाई गेली तीस वर्षे मनात दिवस मोजत होती, ती संगमापासून सव्वाशे किलोमीटरांवर एका खोलीत पाय शेकत बसली, आणि तिला तेथे बसवण्यास माझ्या वहीतील सहा हजारांचा आकडा कारण झाला.

परतल्यावर कित्येक दिवसांनी मावशीने सांगितले की निघण्याच्या आदल्या रात्री आईने ती वही वाचली होती. स्थानकांवरचा चहा तिला का नको होता, सारनाथला “तुम्ही जाऊन या” असे ती का म्हणाली, आणि पाण्याचा एकच घोट घेऊन ती बाटली परत का करी, याचा उलगडा मला तेव्हा झाला. पाण्याचे कारण तर आणखी वेगळे होते आणि तेही मला माझ्या पत्नीने सांगितले तेव्हा कळले: वाटेत स्त्रियांना जाण्याजोगे स्वच्छतागृह केव्हा लागेल याचा भरवसा नसल्यामुळे आपल्याकडच्या बायका प्रवासाच्या दिवशी पाणीच पीत नाहीत. लहानपणापासून आई, आत्या, काकू, मामी यांच्यासह मी किती प्रवास केले असतील. या सर्व स्त्रिया तहानलेल्या प्रवास करीत होत्या आणि त्या तहानेवर आम्ही पुरुष आमची ‘काटकसर’ बसवत होतो, ही गोष्ट पन्नाशी उलटल्यावर कळावी याचा मला खेद वाटतो.

प्रवासखर्चाचा अंदाज चुकतो तो बेरीज चुकल्यामुळे क्वचितच. ज्या बाबींचा दर आधी छापलेला असतो त्या आपण बिनचूक लिहितो, आणि ज्यांचा दर जागेवर, गर्दीत, उन्हात, ओझे हातात असताना ठरतो त्या सर्वांना मिळून ‘किरकोळ’ असे एक नाव देऊन त्यापुढे मनाला येईल तो आकडा मांडतो. वास्तविक माणसाचा जीव मेटाकुटीस येतो तो या किरकोळीतच. पुण्याहून काशीपर्यंतचा दीड हजार किलोमीटरांचा प्रवास पाठ टेकून होतो, त्याचे भाडे पैशापर्यंत ठाऊक असते. परंतु फलाटाच्या एका टोकापासून जिन्यापर्यंत, स्थानकापासून खोलीपर्यंत, आणि जेथे मोटारीला मज्जाव आहे त्या मैदागिन किंवा गोदौलिया चौकापासून देवळाच्या दारापर्यंत जी लहान लहान अंतरे असतात ती वृद्धांची खरी परीक्षा घेतात, आणि नेमका त्यांचाच हिशेब कोठे केलेला नसतो.

खोलीचेही तसेच. भाडे दिवसाचे म्हणून आपण रात्री मोजतो. पण गाडी पहाटे पोहोचते, खोली मात्र दुपारी बारानंतर मिळते. हे मधले सहा-सात तास म्हाताऱ्या माणसाने प्रतीक्षालयात किंवा धर्मशाळेच्या ओसरीवर काढायचे, की एका जादा दिवसाचे भाडे भरून पाठ टेकायची, याचा निर्णय निघण्यापूर्वी घरी करावयाचा असतो. पहाटे पाच वाजता व्यवस्थापकासमोर उभे राहून तो करू गेले तर तो नेहमी पैशाच्या बाजूने आणि शरीराच्या विरुद्ध लागतो. भाड्याच्या मोटारीचा दर किलोमीटरमागे इतका स्वस्त कसा म्हणून आनंदणाऱ्याने हेही विचारून घेतले पाहिजे की दिवसाला किमान अडीचशे-तीनशे किलोमीटर धरले जातात काय, मोजणी मालकाच्या दारापासून सुरू होऊन तेथेच संपते काय, चालकाचा भत्ता, रात्रीचा आकार, पथकर आणि परराज्याचा कर दरात धरला आहे की वेगळा. यांतील एकही गोष्ट गुप्त नसते. विचारणाऱ्याला सारे सांगितले जाते. आपण विचारत नाही, कारण खरा आकडा कळला तर कदाचित जाणेच रहित करावे लागेल अशी धास्ती मनात असते आणि त्या धास्तीपायी आपण आपल्याच वहीत खोटे लिहितो.

हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आधी एक रक्कम ठरते. ती आपल्या ऐपतीवरूनही ठरते असे नाही, तर शेजारच्या बिऱ्हाडाने गेल्या दिवाळीत काय केले, मेहुण्याने मुलांना कोठे नेले, कचेरीतील सहकाऱ्याने कोणती छायाचित्रे दाखवली यांवरून ठरते. मग त्या रकमेत जास्तीत जास्त स्थळे बसवली जातात. आठ दिवसांत काशी, प्रयाग आणि गया ही तिन्ही क्षेत्रे उरकावी हा माझा हव्यास याच जातीचा होता. सोळाव्या शतकात काशीच्या नारायण भट्टांनी या तीन क्षेत्रांवर ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ लिहिला, त्या काळी यात्रेकरू महिनोन्‌महिने वाट चालून तेथे जात आणि एकेका क्षेत्री मुक्काम करून राहत. आम्ही मात्र तीन क्षेत्रांना तीन खुणा करून परतण्याच्या घाईत होतो. स्थळे कमी करावी लागली तर आपल्याला अपमान वाटतो, आणि माणसाची सोय कमी करावी लागली तर ती मात्र काटकसर ठरते.

आणि जेथे रक्कम पुरत नाही तेथे हल्ली कर्ज सहज मिळते. सहलीसाठी कर्ज, त्याचे मासिक हप्ते, पहिला हप्ता परतल्यावर. अशा योजनांच्या जाहिराती प्रत्येक हातातील फोनवर झळकतात. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली घर सोडून उत्तरेकडे निघाले ते घरावरचे कर्ज फेडण्यासाठी चार पैसे दक्षिणा मिळवावी म्हणून. बंडाच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले, आणि परत आले तेव्हा गाठीला द्रव्य नव्हते, गंगेची कावड मात्र होती. त्यांची ती हकीकत पुढे १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी ‘माझा प्रवास’ या नावाने प्रसिद्ध केली आणि मराठी वाचकांनी ती आजवर जपली. कर्ज फिटावे म्हणून प्रवास करणाऱ्या त्या गृहस्थाच्या शेजारी, प्रवास व्हावा म्हणून कर्ज काढणारे आपण उभे राहिलो तर ते शोभेल काय? आजारपण, शिक्षण, घर यांसाठी काढलेल्या ऋणाची गोष्ट निराळी. त्यामागे निरुपाय असतो किंवा पुढे काही उभे राहते. चार दिवसांच्या सहलीचे हप्ते वर्षभर फेडणाऱ्या घरात पुढच्या वर्षी मुलीची वह्या-पुस्तके आणि आजोबांचे डोळ्यांचे ऑपरेशन यांना कात्री लागते, म्हणजे पुन्हा तूट पडली ती दुबळ्याच्याच अंगावर.

प्रवासाचा खरा अजमास कसा असावा याचा नमुना शोधण्यासाठी आपल्याला दूर जायला नको. आषाढीला आळंदीहून निघणारी दिंडी सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट पायी चालते, तिच्यात सत्तरी ओलांडलेल्या बायका असतात आणि त्या पंढरपुरास सुखरूप पोहोचतात. प्रत्येक वारकरी आपली भिशी आधी भरतो. तिच्यातून शिधा, राहुट्या, सामानाचा ट्रक आणि पाण्याचा टँकर यांची तजवीज होते. कोणत्या मुक्कामी कोणाची पंगत आहे हे ठरलेले असते, चालणे किती आणि विसावा कोठे हे ठरलेले असते, आणि डोईवर ओझे घेऊन चालवणार नाही त्याचे ओझे ट्रकमध्ये जाते. दिंडीचा हिशेब ठेवणारी माणसे अर्थशास्त्र शिकलेली नसतील, परंतु पाणी, निवारा आणि ओझे या तीन बाबी ती सर्वांत आधी लिहितात, कारण वाटेवर माणूस कशाने खचतो हे त्यांच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या चालून पाहिले आहे. आम्ही शहरातले लोक या तीनही बाबी ‘किरकोळ’ या सदरात टाकतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की अजमास रकमेपासून नव्हे, माणसापासून मांडावा, आणि घरातील सर्वांत अशक्त माणसापासून मांडावा. आजीला दिवसात किती पावले चालवतील, किती वेळाने बसावे लागेल, रात्री किती वाजता झोपावे लागेल, खालचा बर्थ न मिळाल्यास काय. लहान मूल कोणत्या वेळी भुकेजते. मधुमेह असलेल्या माणसाला किती तासांनी खावे लागते. हे आधी लिहावे आणि त्यातून जो खर्च निघेल तो अचल मानावा. मग उरलेल्या रकमेत जितकी स्थळे बसतील तितकी बसवावी. दोन बसली तर दोन. हा अजमास घरातील सर्वांच्या समक्ष, मोठ्याने वाचून व्हावा. आईने तो रात्री एकटीने चोरून वाचण्याची पाळी येऊ नये. आणि अनपेक्षितासाठी जी रक्कम ठेवायची ती ‘उरली तर खरेदीला’ अशा मनोभावाने ठेवू नये. राज्यघटनेच्या २६७व्या अनुच्छेदाने केंद्राला आणि राज्यांना आकस्मिकता निधीची सोय करून दिली आहे. ज्यांच्याजवळ खजिना आहे, पुरवणी मागण्यांचा मार्ग आहे, त्यांनाही जर अकल्पिताची बेगमी करून ठेवावी लागते, तर परगावी पाच माणसे घेऊन निघालेल्या गृहस्थाने एकूण खर्चाचा पाचवा हिस्सा बाजूला काढून ठेवला तर तो अतिरेक म्हणता यायचा नाही.

वेळेचाही अजमास असतो, आणि तो चुकला की पैशाचा आपोआप चुकतो. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण पूर्वीप्रमाणे १२० दिवस नव्हे तर ६० दिवस आधी खुले होते. दिवाळीत किंवा मे महिन्यात जाणाऱ्याने तो दिवस हातचा घालवला की प्रतीक्षायादी, तत्काळ आणि शेवटी ऐन वेळचे विमान अशा पायऱ्या चढत भाडे दुपटी-तिपटीने वाढत जाते. गर्दीचा महिना सोडून जाण्याइतकी दुसरी किफायत नाही.

यात सारा दोष गृहस्थाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. शासनालाही काही विचारले पाहिजे. आमचा प्रवास कऱ्हाडहून सुरू झाला. एस.टी.त आईला तिकीट पडले नाही, कारण पंचाहत्तरीच्या पुढील नागरिकांना महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास आहे, आणि इतर तिघींना मार्च २०२३ पासूनच्या सवलतीमुळे अर्धेच पडले. पुण्यात रेल्वेच्या डब्यात पाऊल ठेवताच मात्र शहात्तर वर्षांची आई आणि तिची अठरा वर्षांची नात यांचे भाडे सारखेच झाले. पूर्वी रेल्वेत साठीपुढच्या पुरुषांना ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांपुढच्या स्त्रियांना ५० टक्के सवलत होती. करोनाच्या साथीत, मार्च २०२०मध्ये, ती काढून घेण्यात आली आणि साथ ओसरल्यावर परत देण्यात आली नाही. ही सवलत म्हणजे वृद्धांवर केलेली कृपा नव्हती. ज्या घरात उत्पन्न एकाचे आणि माणसे पाच, तेथे प्रवासाची गोष्ट निघाली की म्हातारी आपण होऊन म्हणते, “मी घरीच राहते, घराकडे कोणी बघायला हवं”. त्या सवलतीमुळे हे वाक्य पुष्कळ घरांत उच्चारले जात नव्हते. ती पूर्ववत व्हावी. त्याचप्रमाणे तीर्थक्षेत्री नावेचे, डोलीचे, रिक्षाचे दरपत्रक घाटावर किंवा देवळाच्या दारी लावून भागत नाही. ते रेल्वेस्थानकावर, गाडीतून उतरताच दिसेल असे, यात्रेकरूंच्या भाषांमध्ये असावे. नावाड्यालाही त्यात हित आहे. त्याने सांगितलेली रक्कम कदाचित वाजवी असेलही. मला ती अवास्तव वाटली, कारण वाजवी कोणती हे मला कोणीच सांगितले नव्हते, आणि मी नाकारले त्यात त्याचीही मजुरी बुडाली.

येत्या फाल्गुनात, माघमेळा उठून संगमावरची गर्दी ओसरली की, आम्ही पुन्हा निघणार आहोत. या खेपेस केवळ प्रयाग. काशी नाही, गया नाही, वाटेत आणखी काही नाही. गेल्या आठवड्यात मी नवी वही आईपुढे ठेवली आणि आधी तिने लिहावे असा आग्रह धरला. तिने बराच वेळ पेन्सिल हातात धरून ठेवली, मग मावशीला हाक मारली, दोघी काही कुजबुजल्या, आणि पहिल्या पानावर तिच्या जुन्या वळणाच्या अक्षरात चार ओळी उमटल्या: नाव, जाताना आणि येताना. रिक्षा, दोन्ही वेळा. पहाटे उतरलो तर लगेच खोली. चहा, रोज दोनदा, मावशीलाही. आकडे मी अद्याप मांडलेले नाहीत. आरक्षण खुले व्हायला अजून नऊ दिवस आहेत.